फोन शेजारच्या घरी

संयोगिता पहिल्या दिवशी आमच्या खिडकीपाशी आली तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी नातेवाईक केसपेपर काढायला आली असेल. मी सवयीनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

"पेशंट न्हाई ओ. मी कामाला आलीया," ती म्हणाली.

मागं तिचे वडील उभे होते. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण मिशांना अजून निवृत्तीची खबर नव्हती. त्यांनी टाचा जुळवून मला नमस्कार केला, "पोरगी तुमच्या ताब्यात," असं सांगितलं आणि कवठे महांकाळची एसटी गाठायला निघून गेले. मी काही कुणाचा ताबा मागितला नव्हता. पण सांगणार कुणाला?

मी पद्मा. माहेर साताऱ्याचं, लग्न करून सांगलीत आले, आणि या खाजगी दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीवर बसून केस पिकवले. दवाखान्याचं नाव सांगत नाही. सांगून कुणाचं भलं होणार आहे असंही नाही, आणि मला सांगायचंय ते त्या पोरीबद्दल. तिनं पहिल्याच नोकरीत नाव काढलं. सगळे म्हणतात तसं, आणि ते खरंही आहे. मला मात्र त्या नाव काढण्याचं कौतुक करवत नाही.

बारावीनंतर तिनं दवाखान्यातल्या कामाचा एक कोर्स केला होता. त्यात काय शिकवलं हे तिला स्वतःलाही धड सांगता येत नव्हतं. वडिलांनी अट घातली होती, दिवाळीपर्यंत नोकरी कायम झाली तर रहा, नाहीतर घरी ये, स्थळं येतायत. तिला घरी जायचं नव्हतं. हे तिनं मला दुसऱ्याच दिवशी डबा खाताना सांगून टाकलं. "काकू, मला कायबी करून इथं टिकायचंय." बोलताना ती भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसली होती.

पण टिकायची लक्षणं काही दिसत नव्हती. आमचे मॅनेजर सौमित्र सर पुण्याहून शिकून आलेले. त्यांचा सगळा भर हसण्यावर. पेशंट आला की हसायचं, गेला की हसायचं. "दवाखाना आहे हो, लग्नाचा हॉल नव्हे," असं मी एकदा म्हटलं तर तेव्हाही हसले. संयोगिताच्या 'हाय' आणि 'न्हाई'नं त्यांना ठसका लागायचा. शेजारच्या टेबलावर ज्ञानदा होती, गावभागातल्या चांगल्या घरची, बोलणं कसं इस्त्री केलेलं. सर तिच्याकडे बोट दाखवून संयोगिताला म्हणायचे, "असं बोलायचं." संयोगिता मान हलवायची आणि पुढच्या पेशंटला पुन्हा "बसा की मावशी, हुभ्या का?" म्हणायची.

मग तो प्रकार झाला. एक पेशंट दुपारी गेला आणि ज्ञानदानं रीतसर त्याच्या घरी फोन लावला. फोन बायकोनं उचलला. ज्ञानदानं शुद्ध मराठीत, एकही अक्षर न चुकता, सांगून टाकलं. बाई घरात एकटी होती. ती उंबऱ्यावर कोसळली, डोकं फुटलं, आणि संध्याकाळी आलेल्या माणसांनी आमच्या काउंटरची काच फोडली. काच बसवून झाल्यावर सरांनी नियम काढला, फोनवर पेशंटच्या तब्येतीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, काय ते समोर आल्यावर डॉक्टर सांगतील. नियम चांगला होता, फक्त मग फोन करायचा कुणी आणि बोलायचं काय, हे त्यात नव्हतं.

पुढची वेळ आली तेव्हा ज्ञानदा बाथरूममध्ये जाऊन बसली. फोन संयोगितानं घेतला. घरचा नंबर समोर असताना तिनं केसपेपरवरचा दुसरा नंबर लावला, कुण्या चुलत्याचा. म्हणाली, "मी हास्पिटलातनं संयोगिता बोलती. काका, बसून घ्या जरा. घरात एकदम काय बोलू नका. दोघंतिघं गाडी घेऊन या." बस. मेल्याचं नाव नाही, जगल्याचं नाव नाही. संध्याकाळी चार माणसं खांद्यावर टॉवेल टाकून आली, मुकाट्यानं सगळं उरकलं, आणि जाताना तिला हात जोडून गेली.

मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. तिला प्रश्नच कळला नाही. "आमच्यात असंच असतंय की. बातमी घरात न्हाई द्यायची. शेजारी द्यायची, भावकीतल्या जाणत्या माणसाला. मग तो बघतो." तिचा एक चुलता पलटणीत असताना गेला. तेव्हा पहिला फोन शेजारच्या तात्यांना आला होता. तात्यांनी चुलतीला बोलावून आधी पोटभर जेवायला घातलं, लेकी येऊन पोचेपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, आणि मगच सांगितलं. "तवा जेवली न्हसती तर पुढं चार दिस तिच्या पोटात काय गेलं न्हसतं, काकू."

मला ते पटलं. साताऱ्यात आमच्या आळीत लोक बातमी तोंडावर फेकायचे आणि वर धीर धरायला सांगायचे. त्यापेक्षा हे कितीतरी माणुसकीचं.

सौमित्र सरांनाही पटलं, त्यांच्या कारणासाठी. नियम पाळला जात होता आणि काच शाबूत होती. मग सगळ्या वॉर्डांतले ते फोन तिच्याकडे आले. तासगाव, कडेगाव, विटा, कवठे महांकाळ, खाली जतपर्यंत. ती कागदावरचा दुसरा नंबर बघायची, शेजाऱ्याला फोन करायची, आणि माणसं शहाण्यासारखी यायची. सरांनी मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं. तिच्या 'हाय' आणि 'न्हाई'ला आता कुणी हसत नव्हतं. उलट सर ज्ञानदाला म्हणाले, "बघ, असं बोलायचं." ज्ञानदानं माझ्याकडे बघून डोळे फिरवले.

गावोगावी तिचं नाव झालं. 'संयोगिताचा फोन' म्हटलं की लोक आधी टेकून बसायचे आणि मग पायताण शोधायचे. ती घरी फोन करायची तेव्हा आई पहिल्यांदा विचारायची, "कोण गेलं?" हे तिनं मला हसत सांगितलं. आम्ही दोघी हसलो. मग ती पुढच्या कागदावरचा दुसरा नंबर शोधायला लागली.

दिवाळीच्या थोडं आधी नाथाजी आमच्याकडे दाखल झाले. कडेगावच्या बाजूचे, उसाचं रान असलेले, मुलगा पृथ्वीराज सैन्यात लांब सीमेवर. छातीत कळ आली म्हणून आणलेले. बायको राहीबाई त्यांच्या उशाशी मुक्कामाला. ही बाई खुर्चीत बसायची नाही, फरशीवर पदर खोचून बसायची, धुतलेलं लुगडं वॉर्डाच्या खिडकीला वाळत घालायची आणि नर्सशी त्यावरून भांडायची. संयोगिताचं तिच्याशी जमलं. दुपारी दोघी जिन्यात बसून भाकरी खायच्या. नाथाजी थट्टेखोर. बायको औषध द्यायला आली की म्हणायचे, "आधी तू चाखून बघ. तुझा भरवसा न्हाई." राहीबाई म्हणायच्या, "मेल्यावर कळंल भरवसा." दोघांचं दिवसभर हेच चालायचं.

उतार पडला. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, सोमवारी घरी जा. राहीबाईंनी लगेच पिशवी उचलली. घरी म्हैस व्यालेली, शेजारणीच्या जिवावर टाकलेली. "जाऊन बघून येती, कापडं बदलून आणती, सांजच्या गाडीला हाय परत." मुलाचा फोन आला तर नवऱ्याला बोलता यावं म्हणून स्वतःचा मोबाईल चार्जिंगला लावून त्यांच्या उशाशी ठेवला. नाथाजी म्हणाले, "लवकर ये. हितल्या च्याला चव न्हाई." त्या गेल्या.

आणि त्यानंतर तासाभरानं त्यांना दुसरी कळ आली. वरच्या मजल्यावर नेलं, तोंडाला ऑक्सिजन लावला. डॉक्टर खाली येऊन संयोगिताला म्हणाले, "घरच्यांना बोलावून घे. संध्याकाळच्या पुढचं मी सांगू शकत नाही." ती आधी वर पळाली. नाथाजी शुद्धीवर होते. त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि तिची ओढणी धरून म्हणाले, "राहीला बोलीव. मला बोलायचंय तिच्याशी." तिनं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हणून तर पुढचं सगळं इतकं भयंकर.

खाली येऊन तिनं राहीबाईंचा नंबर फिरवला. फोन वॉर्डात, रिकाम्या खाटेवर वाजत राहिला. मग कागदावरचा दुसरा नंबर. कोंडीबा, नाथाजींचे चुलतभाऊ, घराला घर लागून. याच कोंडीबांना गेल्या महिन्यात संयोगिताचा एक फोन गेलेला होता, गल्लीतल्या दुसऱ्या कुणाच्या म्हाताऱ्या वडिलांसाठी. तेव्हा येऊन सगळं त्यांनीच नीट निस्तरलं होतं.

मी शेजारीच बसले होते. ती म्हणाली, "कोंडीबाकाका, मी हास्पिटलातनं संयोगिता बोलती. राहीमावशी पोचल्या का? त्यांना एकदम काय बोलू नका, घाबरत्याल. गाडी करा, मावशींना घेऊन या. तुमीबी दोघंतिघं या संगं. लवकर या."

पलीकडून कोंडीबांनी घसा खाकरला. मग, "कळलं बाई. आमी बघतो."

तिनं फोन ठेवला आणि श्वास सोडला. "कळलं त्यांना, काकू." मग पळत वर गेली नाथाजींना सांगायला, की मावशी निघतायत. सगळं सांगितलं होतं तिनं, गाडी, मावशी, लवकर. नाथाजी जिवंत आहेत एवढंच तिच्या तोंडून गेलं नव्हतं. ते तिच्या फोनमध्ये कधी नसायचंच. नियमातही बसत नव्हतं.

पलीकडं काय झालं ते मला पुढं कोंडीबांनीच सांगितलं. त्यांनी फोन ठेवला आणि खांद्यावर टॉवेल घेतला. नाथाजी गेला, ही बातमी आली, आता सगळं आपल्यावर. त्यांनी भावकीतली माणसं गोळा केली. नाथाजींच्या बहिणीला वाळव्याला फोन केला, पृथ्वीराजच्या पलटणीला निरोप धाडायची व्यवस्था केली, एकाला कापडाच्या दुकानात पिटाळलं, गावातली एकुलती जीप लाकडं भरायला लावली आणि शेजारच्या गावातून टेम्पो मागवला. कामं त्यांनी फार नेटकी केली. अशी कामं नेटकी करणारा माणूस म्हणूनच त्यांचा नंबर त्या कागदावर होता. मावशींना घेऊन या, हे त्यांनी ऐकलं होतं. पण त्यांना वाटलं, पोरगी शिकलेली, दवाखान्याची काहीतरी पद्धत असेल. मयत आणायला जाताना घरच्या बाईला कोण नेतं? वाटेत तिला आवरायचं कुणी?

राहीबाई तेव्हा पिशवी भरून परत निघायच्या तयारीत होत्या. एसटीला वेळ होता म्हणून म्हशीला वैरण टाकत होत्या. तेवढ्यात एक शेजारीण आली, जोत्यावर टेकली, काही बोलली नाही. मग दुसरी आली. मग तिसरी, डोक्यावरून पदर घेऊन. गावातल्या बाईला अशा वेळी काही सांगावं लागत नाही. राहीबाईंनी हातातली पेंढी खाली टाकली. त्या एसटीकडे पळायला निघाल्या तेव्हा बायकांनी त्यांना धरून खाली बसवलं.

इकडे आम्ही वाट बघत होतो. संयोगिता दर थोड्या वेळानं कोंडीबांना फोन लावायची. तो सारखा लागलेला. लागलेला असणारच, माणूस पंचक्रोशीला कळवत होता. ती म्हणायची, "रस्त्यात असतील, रेंज न्हाई." वर जाऊन नाथाजींना सांगायची, "आल्या बरं का." ते दाराकडे तोंड करून पडले होते. नर्सनं कूस बदलायचा प्रयत्न केला तर त्यांनी हातानं नको म्हटलं.

उन्हं कलल्यावर माणसं आली. सहा जण, टोप्या, खांद्यावर टॉवेल. कोंडीबांच्या हातात मयताच्या कापडाची पिशवी. ते माझ्या खिडकीशी वाकून अगदी हळू म्हणाले, "ताई, नाथाजीला न्यायला आलोय. बॉडी कुठं ठेवलीया?"

संयोगिता माझ्या शेजारून उठली. "काका, मावशी कुठायत?"

"घरी हाय. बायका हायत संगं."

"काका, ते जिते हायत," ती म्हणाली. "तुमची वाट बगत्यात."

माणसाचा चेहरा तसा होताना मी आयुष्यात पाहिला नव्हता आणि देवानं पुन्हा दाखवू नये. कोंडीबांनी पिशवी पाठीमागं लपवली. लहान मूल चोरी सापडल्यावर लपवतं तशी. मग ते सगळेच जिन्याकडे धावले आणि त्यांच्या पुढं संयोगिता. वर दोनच माणसांना सोडतात, पण त्या दिवशी कुणी अडवलं नाही. मीही गेले.

नाथाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. एकेकाकडे. टोप्या पाहिल्या, टॉवेल पाहिले, आणि कोंडीबांच्या पाठीमागून डोकावणारी पिशवीही पाहिली असणार. गावचाच माणूस तो. आयुष्यभर त्यानं असंच टॉवेल टाकून कुणाकुणाला आणलेलं. त्या घोळक्यात बाईमाणूस नाही, म्हणजे घरी काय सांगून झालंय, हे त्याला वेगळं कळायला नको होतं. त्यांनी मास्क खाली ओढला.

"लय घाई केलीसा रं, कोंडीबा," ते म्हणाले.

कोंडीबा खाटेच्या दांडीला धरून खाली बसले. नाथाजींचे डोळे पुन्हा दाराकडे गेले. "राही?" त्यांनी विचारलं. कोंडीबा म्हणाले, "येती हाय, दादा. निघाली हाय."

एकानं बाहेर जाऊन गावाकडे फोन लावला, म्हणाला, असशील तसा जीप काढ आणि वहिनीला घेऊन ये, काय विचारू नको. जीप होती, पण ती गावाबाहेर स्मशानाशी उभी होती, नाथाजींच्याच लाकडांनी भरलेली. ती रिकामी करायला चार माणसं लागली. लाकडं उतरवून होईपर्यंत इथं सगळं संपलं होतं. संयोगिता त्यांच्या उशाशी उभी होती. दाराच्या आणि त्यांच्या मध्ये आपण येऊ नये म्हणून ती भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभी होती, ते मला अजून दिसतं.

जीप मग निघालीच नाही. राहीबाईंना कुणीतरी "चल" म्हणून उठवलं होतं, त्यांना पुन्हा "राहू दे" म्हणून बसवलं. त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांच्या लेखी नवरा सकाळीच गेला होता.

दुसऱ्या दिवशी संयोगितानं सौमित्र सरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. मीही होते. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्या दिवशी ते हसले नाहीत, एवढं त्यांच्या पदरात टाकते. म्हणाले, "तू नियमाप्रमाणे केलंस. नातेवाइकांची तक्रार नाही. उलट ते कोंडीबा मला सांगून गेले की पोरीकडं बोट दाखवू नका, समजून घेण्यात आमची चूक झाली." संयोगिता म्हणाली, "पण सर, त्यांना भेटायचं हुतं." सर म्हणाले, "हे मनाला लावून घेतलंस तर तुला पुढं काम करता येणार नाही." त्यांच्या दृष्टीनं त्यात दिलासा होता.

दिवाळी झाली आणि ती कायम झाली. नुसती कायम नाही, आमच्या मालकांनी साताऱ्याला नवा दवाखाना काढला होता, तिथं तिला मोठ्या जागेवर पाठवायचं ठरलं. तिथल्या मुलींना तिनं शिकवायचं, गावाकडच्या नातेवाइकांशी फोनवर कसं बोलायचं ते. तिच्या वडिलांचा फोन आला. त्यांचा आनंद मला दोन टेबलं सोडून ऐकू येत होता. "शाब्बास," ते म्हणत होते, "पहिल्याच पोस्टिंगला बढती." ती "व्हय आबा, व्हय आबा" म्हणत राहिली.

पण तिनं सरांकडे जाऊन रुजू होण्याची सही केली नाही. मला म्हणाली, "आधी राहीमावशींना खरं सांगणार. त्यांच्या तोंडावर. मग त्या काय बोलतील ते बोलू देत, मारू देत. त्याबिगर मला पुढं न्हाई जाता यायचं." पोरगी वाळली होती. डबा तसाच परत न्यायची. मी म्हटलं, मी येते बरोबर. एकटीला पाठवायचं माझ्या जिवावर आलं.

एसटीतून उतरलो तर स्टँडवर कोंडीबा उभे. आम्ही येतोय हे त्यांना कळलं होतं. गावात काय लपतंय. या माणसाच्याही गालांची हाडं वर आली होती. ते संयोगिताला म्हणाले, "बाई, तिला सांगू नगा."

"मी सांगणार, काका. मला झोप न्हाई."

"मला तरी कुठं हाय?" ते म्हणाले. "पण तिला एवढंच ठावं हाय की सकाळीच झोपंत गेलं. पृथ्वीराज येऊन गेला, त्यालाबी तेच सांगितलंय. मी तिच्या दारावरनं रोज जातो. सांगायचं आसतं तर मी सांगितलं आसतं." मग ते आमच्या मागं मागं चालत राहिले. घर आलं तसे बाहेरच्या कट्ट्यावर थांबले.

राहीबाई घराच्या पुढच्या सोप्यात बसल्या होत्या. मोकळं कपाळ. आम्हाला पाहून त्यांनी संयोगिताला जवळ बसवलं, तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "किती बारीक झालीस गं." म्हशीचं विचारल्यावर म्हशीचं सांगितलं. पृथ्वीराज ड्युटीवर परत गेल्याचं सांगितलं. संयोगितानं दोनदा तोंड उघडलं. "मावशी, मला तुमाला एक सांगायचंय," असं तिनं म्हटलंसुद्धा.

"थांब, मला एक इचारू दे आधी," राहीबाई म्हणाल्या. "कुणाला इचारावं कळंना झालंय. हितली माणसं खरं सांगत्यात का न्हाई, काय कळत न्हाई. तू सांगशील."

संयोगिता थांबली.

"त्या दिशी मी निगाले हुते. पिशवी भरली हुती. बायांनी धरून बसीवलं मला. मी हिसडा मारून पळाले आसते तर पळता आलं आसतं. अंगात बळ हुतं माज्या. पण मी बसले." त्या संयोगिताच्या हातावरून हात फिरवत होत्या. "रोज तेच येतंय डोक्यात. मी तशीच पळाले आसते, मिळंल त्या गाडीनं आले आसते, तर पडली आसती का गं गाठ?"

मी संयोगिताकडे बघितलं नाही. मला बघवलं नाही. बाहेर कट्ट्यावर कोंडीबा खोकले, एवढं ऐकू आलं.

"न्हाई मावशी," संयोगिता म्हणाली. "न्हसती पडली."

"खरं?"

"खरं. तुमी हितं पोचायच्या आधीच गेले हुते. झोपंत. कुणाचं नावबी घेतलं न्हाई."

राहीबाईंनी डोळे मिटले. पदरानं तोंड पुसलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "माजी वाट बगत ऱ्हायले आसतील, ह्येच मनात घोळत हुतं. आता न्हाई." मग त्यांनी संयोगिताच्या डोक्यावर हात ठेवला. "तू वेळंवर कळीवलंस, पोरी. तुजं लय उपकार हायत आमच्यावर. तुज्या नोकरीत तुला यश येऊ दे."

परत येताना ती खिडकीशी बसली होती. सोमवारी सकाळी तिनं सौमित्र सरांकडे जाऊन सही केली आणि साताऱ्याला गेली.